ब्रेकचा पाइप आणि ‘चालते ना जी’

करडीकडून ऊस भरून निघालेल्या जुन्या ट्रकचा ब्रेकचा पाइप ऐन गळीत हंगामात गळू लागला, की ड्रायव्हर तो पकडीने चेपतो, नाहीतर झाळ मारून घेतो. विचारले तर म्हणतो, “चालते ना जी!” सभासद बंधूंनो, आम्हाला हे मान्य नाही.

जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना एकाच वाटेने तेल जाते. एके ठिकाणी पाइप फुटला की सारेच ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून पाइप आतूनही गंजतो. वरून चिखलाचा थर, कळणार कोणाला? झाळ त्या दाबाला टिकत नाही. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा खरा, पण हादऱ्यांनी तडकतो. पोलादी पाइप अखंड बदलावा, तोंडे दुहेरी वळवून घ्यावीत आणि मग हवा काढावी. इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये, आतली रबरे फुगतात.

हंगामात खेप बुडाली की पोट बुडते, हे आम्हीही जाणतो. म्हणूनच कारखान्याने पाइपाचा खर्च उचल म्हणून द्यावा, वाहतूक बिलातून हप्त्याने कापावा. संचालक मंडळाने हा विषय हंगामाआधीच्या सभेत घ्यावा.