स्प्रिंट धावतात, पण ऐकतं कोण?

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरीकडून शिकून पुण्याच्या आयटी कंपन्यांत गेलेली आपली मुलं-मुली ईदला घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात काही शब्द हमखास असतात : अ‍ॅजाइल, स्क्रम, स्प्रिंट, स्टँडअप. घरच्यांना वाटतं, काहीतरी मोठी विद्या असणार. खोदून विचारलं की बहुतेकांचं उत्तर सारखंच असतं. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं, दर दोन आठवड्यांनी काम संपवून दाखवायचं. मग हळूच म्हणतात, “सर, हजेरीच आहे ती.”

ही हजेरी म्हणजे अ‍ॅजाइल, अशी समजूत घेऊन आपली हुशार मुलं आयुष्यभर काम करणार असतील, तर फार मोठी गोष्ट त्यांच्या हातून निसटते आहे. म्हणून हे लिहितो आहे.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी 17 अनुभवी प्रोग्रॅमर एकत्र जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड हे त्यातले काही. कागदांच्या ढिगाऱ्यांना आणि वर्षानुवर्षं रखडणाऱ्या प्रकल्पांना ते कंटाळले होते. त्यांनी मिळून एक छोटासा जाहीरनामा लिहिला. त्याचा आशय साधा आहे : पद्धतींपेक्षा माणसं आणि त्यांचं बोलणं मोठं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, करारावरच्या भांडणापेक्षा ग्राहकाला सोबत घेणं मोठं, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोठं. कागद नको, आराखडा नको, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्यांचंही मोल आहे, पण दुसऱ्या बाजूचं जास्त आहे, एवढंच म्हटलं आहे. रोज उभं राहण्याचा तर त्यात उल्लेखही नाही.

हा विचार सॉफ्टवेअरमध्येच इतका का रुजला, याचं कारण आपल्या जिल्ह्यातच समजून घेता येतं. येलदरीचं धरण दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बांधून, लोकांना “जमलं का?” असं विचारून, मग जागा बदलून पुढे नेता येत नाही. दगड-सिमेंटची भिंत एकदा उभी राहिली की राहिली. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आज लिहिलेलं उद्या बदलता येतं. आणि वापरणाऱ्या माणसालाही आपल्याला नेमकं काय हवं आहे ते वापरून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून छोटा तुकडा तयार करायचा, खऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे पुढचा तुकडा बदलायचा.

ऐकायला सोपं, करायला कष्टाचं. रोज बदलायचं तर बदलताना जुनं मोडलं नाही ना, हे तपासणाऱ्या चाचण्या प्रोग्रॅमसोबतच लिहाव्या लागतात. प्रत्येकाचं काम रोजच्या रोज एकत्र जोडून पाहावं लागतं. गुंतागुंत वाढली की थांबून साफसफाई करावी लागते. ही मेहनत टाळून नुसत्या सभा घेतल्या, तर दर दोन आठवड्यांनी घाईत केलेलं कच्चं काम तेवढं हाती येतं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच डेव्ह थॉमस यांनी 2014 मध्ये ‘अ‍ॅजाइल मेलं’ असं लिहिलं. त्यांचा राग या शब्दाचा बाजार मांडणाऱ्यांवर होता.

आता आपल्याकडचं एक उदाहरण. राज्य सरकारने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर सुरू केलं. शेतकऱ्याने स्वतः आपल्या पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची. त्याआधी काही तालुक्यांत प्रयोग झाले होते. राज्यभर वापर सुरू झाल्यावर अडचणीही मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. 2022 च्या खरिपात सुधारित आवृत्ती आली, तेव्हा केलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय मिळाली. मिश्र पिकांची नोंदही अधिक सोयीची झाली. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला विचारा, यातला एकेक बदल किती मोलाचा आहे! नेटवर्क नसणं, शेवटच्या दिवसांत सर्व्हर अडकणं हे त्रास संपलेले नाहीत. तरीही शेतातून आलेली तक्रार पुढच्या आवृत्तीत उतरली, हा अ‍ॅजाइलचा गाभा आहे, मग त्याला नाव कोणतंही द्या.

याउलट अनुभव शाळेत येतो. मराठवाड्यात मुसलमान मुलाचं नाव बऱ्याचदा आधी शेख किंवा सय्यद, मग मुलाचं नाव, मग पुन्हा शेख किंवा सय्यद आणि वडिलांचं नाव, असं लिहितात. मुलांची माहिती भरायच्या एका ऑनलाइन फॉर्मात मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीनच ठरलेले रकाने. शाळेच्या रजिस्टरमध्ये एक क्रम, आधारवर दुसरा, बँकेच्या पासबुकावर तिसरा. नाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते आणि मजुरीला जाणारी आई रोजगार बुडवून चकरा मारते. हा फॉर्म बनवताना कुणी परभणीतल्या एखाद्या उर्दू शाळेत बसून दहा नावं भरून पाहिली असती, तर अर्ध्या तासात ही अडचण दिसली असती. यात कुणाचा दुष्टावा मला दिसत नाही. विचारायला कुणी आलं नाही, एवढंच दिसतं, आणि त्याची किंमत ज्याचा आवाज सगळ्यात बारीक तो मोजतो.

आपल्या परंपरेत मशवऱ्याला मोठं स्थान आहे. सहीह मुस्लिममध्ये खजुराच्या परागीकरणाची हदीस आहे. मदिन्याचे लोक खजुराच्या झाडांचं परागीकरण हाताने करत. हजरत पैगंबर (स.) यांना वाटलं, हे न केलं तरी चालेल. लोकांनी ते सोडून दिलं आणि त्या हंगामात पीक उतरलं. हे कानावर आल्यावर त्यांनी सांगितलं की तुमच्या दुनियेच्या कामातलं तुम्हालाच जास्त कळतं. ज्यांच्या शब्दावर अवघी उम्मत चालते, त्यांनी शेतीत बागवानाचा शब्द मानला. मग एखाद्या मॅनेजरने टेस्टरचा, किंवा अधिकाऱ्याने शिक्षकाचा शब्द मानायला काय हरकत आहे?

कोणतीही टीम खरोखर अ‍ॅजाइल आहे का, हे ओळखायची माझी कसोटी एकच. तिथला सगळ्यात नवा, सगळ्यात लहान गावातून आलेला मुलगा “हे चुकतंय” असं म्हणाला, तर पुढच्या दोन आठवड्यांत काही बदलतं का? बदलत असेल तर स्टँडअप बसून घेतला तरी चालेल. बदलत नसेल तर भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या शोभेच्या आहेत.

आणि इथे जिम्मेदारी आपल्यावरही येते. दोन-तीन दिवसांच्या कोर्समधून प्रमाणपत्र मिळतं, तोंड उघडण्याची हिंमत मिळत नाही. ती वर्गात घडते. “सर, गणित चुकलं” म्हणणाऱ्या मुलीला आपण बेअदब ठरवलं, तर ती पुण्याच्या कंपनीतही मान खाली घालून हजेरीच लावेल. अदब आणि सवाल एकत्र राहू शकतात, हे तिला सातवी-आठवीत कळलं, तर उद्या ती जो फॉर्म बनवेल, तो बनवण्याआधी एखाद्या उर्दू शाळेत नक्की जाऊन बसेल.