डोंगर पाहणाऱ्यांचा की राहणाऱ्यांचा?

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दूरदेशीचे डोंगर विक्रीला मांडले जातात. नैऋत्य चीनमधील युन्नान प्रांत हा या बाजारातील नामांकित माल आहे. हिमाच्छादित शिखरे, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, घरांपुढून वाहणारे पाट आणि पारंपरिक पोषाखातील स्त्रिया, हे सारे एका ठराविक रकमेत पाहावयास मिळते. प्रवासाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. उलट गिरणीतल्या आणि कचेरीतल्या माणसालाही डोंगर पाहण्याची फुरसत मिळावी, हीच आपली मागणी राहिली आहे. प्रश्न एवढाच आहे की, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून ते दृश्य घडले, त्यांचे पुढे काय होते?

युन्नानमधील लिज्यांग या नाशी लोकांच्या जुन्या नगराचा १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आदल्याच वर्षी भूकंपाने ते हादरले होते. त्यानंतर प्रवाशांचे लोंढे सुरू झाले. मूळ रहिवाशांनी घरे भाड्याने देऊन नव्या वसाहतीची वाट धरली आणि त्यांच्या ओसऱ्यांत बाहेरच्या भांडवलाची दुकाने व विश्रामगृहे थाटली गेली. घर राहिले, घरचा माणूस गेला. जवळच्या झोंगद्येन परगण्याचे तर २००१ साली चक्क ‘शांग्रिला’ असे नामांतर झाले. हे नाव तिबेटी जनतेचे नव्हे, जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३३ सालच्या कादंबरीतले! २०१४च्या जानेवारीत तेथील जुन्या नगरातील दोनशेहून अधिक घरे आगीत भस्मसात झाली. साम्यवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीत हे घडले, हे विसरता कामा नये. मालकी खाजगी असो वा सरकारी, निर्णयाचा अधिकार स्थानिक जनतेकडे नसेल तर निसर्गाचा बाजार व्हायला वेळ लागत नाही.

परंतु चीनकडे बोट दाखविण्यापूर्वी बोरिवलीचा डोंगर पाहणे बरे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानाला आणीबाणीतील बुलडोझरशाहीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या संजय गांधींचे नाव आहे, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय. याच डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तेथे कोरलेले आहेत; पावसाचे पाणी साठविणाऱ्या पोढी आजही पाहावयास मिळतात. याच डोंगरातील विहार आणि तुळशी या तलावांनी गेल्या शतकाच्या आधीपासून मुंबईची तहान भागविली. आणि याच डोंगराच्या कुशीत वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. शहराला पाणी देणाऱ्या डोंगरातल्या माणसाला मात्र स्वतःच्या नळासाठी अर्जविनंत्या कराव्या लागतात.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. पर्यायी घरासाठी मोलमजुरी करणाऱ्यांकडून सात-सात हजार रुपये मागितले गेले. चांदिवलीचे संघर्षनगर उभे राहिले, ते निवारा हक्क सुरक्षा समितीसारख्या संघटनांच्या लढ्यामुळे. कोणाच्या कृपेने नव्हे.

आता याची दुसरी बाजू पाहा. उद्यानाच्या सीमेवर उभे राहणारे मनोरे ‘वनदर्शन’ घडविणाऱ्या सज्जांची जाहिरात करतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा निव्वळ खंड होय. बिल्डरने डोंगर निर्माण केला नाही, झाड लावले नाही, वणवा विझवला नाही. तरीही खिडकीतून दिसणाऱ्या हिरवाईची किंमत तो ग्राहकाकडून वसूल करतो. जंगल राखणाऱ्याच्या पदरात त्यातली एक कवडीही पडत नाही. जंगलातली झोपडी अतिक्रमण ठरते आणि जंगलाकडे तोंड केलेला मनोरा विकास ठरतो!

जंगल वाचलेच पाहिजे, नाहीतर शहर बुडेल, असा युक्तिवाद केला जातो. त्यातील पूर्वार्ध निर्विवाद आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा डोंगर आणि मिठी नदी यांच्याशी केलेल्या खेळाची किंमत उपनगरांनी मोजली. झोपड्यांचे भूखंड पाडून विकणारे दलालही आहेत. त्यांची तरफदारी कोणी करू नये. परंतु जंगलावरील प्रेम इतके उत्कट असेल, तर ते २०१९च्या ऑक्टोबरात आरेमध्ये रातोरात करवती चालल्या तेव्हा कोठे गेले होते? सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे बोगदे याच डोंगराच्या पोटातून जाणार आहेत. मोटारीला वाट देणारा डोंगर वारल्याच्या झोपडीनेच तेवढा धोक्यात येतो काय?

२००६चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाही वनवासीयाला हटवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा कायदा पाड्यापाड्यात पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. दावे भरून घेणे, जुने पुरावे गोळा करणे, ग्रामसभा भरविणे. पाणी, वीज आणि शाळा यांसाठी वॉर्ड कचेरीवर धडकणे. वाट दाखविण्याचे आणि राखणीचे काम पाड्यांतील तरुणांनाच मिळावे, असा आग्रह धरणे. गोराई-मनोरीपासून मरोळपर्यंतच्या गावठाणांच्या हद्दींचा प्रश्नही याच लढ्याचा भाग आहे.

डोंगर पाहण्याचा हक्क सर्वांना आहे; पण राहणाऱ्याला हुसकावून पाहणाऱ्याची सोय करणे याला पर्यटन म्हणत नाहीत. त्याला बेदखली म्हणतात, आणि बेदखलीविरुद्ध कसे लढावे हे या चळवळीला नव्याने शिकावे लागू नये.