जेलच्या बाटलीमागचं लेबल

‘खाली जळजळ होते’, एवढंच सांगून बाई गप्प बसते. लघवीची तपासणी स्वच्छ येते. दोन-तीन प्रश्नांनंतर मोबाइल पुढे होतो आणि त्यावर ल्युब्रिकंट जेलचा फोटो असतो, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, ‘वॉर्मिंग’ लिहिलेला.

पूर्वी केमिस्टकडे हे मागायला जीभ रेटत नसे; आता दहा मिनिटांत घरपोच मिळतं. लाज वाचली, हे चांगलंच झालं. पण लेबल कोणी वाचत नाही. बऱ्याच पाणीदार जेलमध्ये ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असतं. मीठ जसं कैरीच्या फोडीतलं पाणी ओढतं, तसं असं जेल नाजूक त्वचेच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. ही ओढ किती, त्याचं माप म्हणजे ऑस्मोलॅलिटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच सुचवलं होतं, की ती शक्यतो ३८० च्या आत असावी, १२०० च्या वर नकोच. योनीमार्गासाठी पीएच ४.५ च्या आसपास हवा. हे आकडे बाटलीवर क्वचितच छापलेले असतात. छापणं सक्तीचं व्हायला हवं, असं माझं मत.

तोवर सुगंध, चव, ‘वॉर्मिंग’ टाळा. ग्लिसरीन घटकांच्या यादीत वरच असेल तर दुसरं घ्या. सिलिकॉनचं जेल बहुतेकींना सोसतं, लेटेक्स कंडोमबरोबरही चालतं. खोबरेल तेल आणि व्हॅसलिनने मात्र तो कंडोम फाटू शकतो. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा जेलने भागला नाही किंवा रक्त दिसलं, तर नवी बाटली न मागवता तपासायला या.