मांजराला शुगर झाली, आता घराचं काय?

आजोबांना शुगर आहे, काकूंना शुगर आहे, हे आपण सहज सांगतो. पण ‘आमच्या मांजराला शुगर आहे’ म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, ‘इंजेक्शन देता? रोज?’ हो, रोज. तेही दोनदा.

आमच्या घरी अकरा वर्षांचा भुऱ्या नावाचा बोका आहे आणि त्याचा डायबिटीस आता घरातल्या प्रत्येकाच्या वेळापत्रकात शिरलाय. तुम्ही इंदूरला असा, बंगळूरूला असा की सांगलीला, घरात मांजर असेल तर हे वाचून ठेवा.

ओळखायचं कसं?

वाढलेलं वय, जास्त वजन, नसबंदी झालेला बोका आणि दिवसभर घरात बसून खाणं, या सगळ्यांमुळे मांजरांमध्ये डायबिटीसचा धोका वाढतो. काही आजारांसाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही तो होऊ शकतो.

खुणा साध्या असतात. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं. लिटर ट्रेमध्ये ओले गोळे मोठे आणि जास्त दिसतात. भूक भरपूर, तरी वजन उतरतं. काही मांजरं मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालू लागतात. आपल्याला वाटतं, म्हातारपण आलं. ते गृहीत धरू नका, पशुवैद्यांना दाखवा.

आणखी एक गोष्ट. दवाखान्याच्या भीतीनेही मांजराची साखर वाढते. म्हणून डॉक्टर रक्ताच्या एका आकड्यावर थांबत नाहीत. लघवी तपासतात, फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी सांगतात. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची साखर साधारण कशी होती ते कळतं.

सुई टोचण्यापेक्षा सुई निवडणं कठीण

मानेजवळची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरायची आणि बारीक सुई टोचायची. बहुतेक मांजरं तेव्हा ताटलीत तोंड घालून बसलेली असतात, त्यांना पत्ताही लागत नाही.

खरी काळजी सिरिंजची. आपल्याकडे मेडिकलमध्ये इन्सुलिन 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन ताकदींचं मिळतं आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. सहसा 40 ची टोपी लाल असते, 100 ची नारिंगी. 100 चं इन्सुलिन चुकून 40 च्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीचपट होतो. चार-पाच किलोच्या जिवाला तेवढं पुरे! त्यामुळे बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून बघा. ‘घरात आजोबांच्या सिरिंज आहेतच की’ हा विचार तर नकोच. आजोबांच्या गोळ्याही नकोत.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, वर चिठ्ठी लावा आणि बाटली वेगळी द्या. कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातांचाही विचार करायला हवा.

एक टिक, एक डोस

दोन इंजेक्शनांमध्ये साधारण बारा तासांचं अंतर हवं. आमच्याकडे सकाळचा चहा आणि संध्याकाळची दिवेलागण, या दोन वेळा ठरल्यात. आधी खाणं, मग इन्सुलिन.

घरात माणसं जास्त असली की धोका विसरण्याचा नसतो, दोनदा देण्याचा असतो. आई देते, पाठोपाठ बाबा देतात. यावर उपाय भिंतीवरच आहे. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो, तिथेच डोसची टिक करा. टिक नसेल आणि कुणालाच नक्की आठवत नसेल, तर तो डोस सोडून द्या. एक डोस चुकला तर सहसा निभावतं, दुप्पट डोस जिवावर बेतू शकतो.

मांजर जेवलंच नाही किंवा उलटी झाली, तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मांजराला उपाशी ठेवून साखर उतरवायचा प्रयत्न मात्र अजिबात नको. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो.

पाहुणे, फराळ आणि ‘एवढंसं दूध’

मांजर मूळचं मांसाहारी. दूध-पोळी, दही-भात, बिस्किटं या प्रेमाच्या गोष्टी असल्या तरी डायबिटीसमध्ये त्या जड जातात. प्रथिनं जास्त आणि पिष्टमय पदार्थ कमी, असा आहार लागतो. कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं खाणं सहसा बरं. पण आहार एकदम बदलू नका. तो बदलला की इन्सुलिनची गरजही कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच बदला.

गणपतीत, दिवाळीत घर भरलं की कुणीतरी मावशी हळूच पेढा पुढे करते. ‘नको’ म्हटलं की तिला वाईट वाटतं. त्यापेक्षा तिच्या हातात उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा तुकडा द्या आणि म्हणा, ‘मावशी, तुम्हीच भरवा.’ मावशी खूश, मांजरही.

परगावच्या लग्नाला शक्यतो मांजराला नेऊ नका, नवी जागा त्याला सोसत नाही. शेजारच्या कुणाला तरी आधीपासून शिकवून ठेवा. चार दिवस तुमच्यासमोर त्यांच्याकडून इंजेक्शन द्यायला लावा, मगच किल्ली द्या. कुणीच नसेल तर घरातल्या एकाने लग्नाला न जाण्यात लाज वाटायचं कारण नाही.

हे दिसलं तर थांबू नका

मांजर झोकांड्या खातंय, अगदी गळून गेलंय, झटके येताहेत, तर साखर खूप उतरलेली असू शकते. हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका. झटके येत असताना बोट तोंडाजवळ नेऊ नका. खाणं बंद, उलट्या आणि मलूलपणा एकत्र दिसला, तर तीही तातडीचीच वेळ.

खर्च होतो, हे खरंय. इन्सुलिन, तपासण्या, आहार, सगळं महिन्याच्या हिशेबात येतं. ‘मांजरावर एवढा पैसा?’ हेही ऐकावं लागतं. पण वेळेत उपचार सुरू झाले, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही होतं. आजार परत येऊ शकतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं, पण ती संधी लवकर ओळखणाऱ्यांना जास्त मिळते.

म्हणून आज एवढंच करा. तुमचं मांजर ठणठणीत असलं तरी त्याला एकदा वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहून ठेवा, आणि पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरता ते मोजा.