रूटची खैरात बंद करा!

हैदराबादच्या नामपल्लीतील नुमाईश प्रदर्शनात ३० जानेवारी २०१९च्या रात्री आग लागली आणि बघता बघता तिने शेकडो स्टॉल गिळले. लाकूड-कापडाचा आडोसा केला की आपले दुकान वेगळे, ही समजूत त्या रात्री राखेत गेली. बाराच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जगभरच्या सर्व्हरवाल्यांची हीच समजूत उघडी पडली. एकाच मशीनवर प्रोग्रॅमना वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणाऱ्या डॉकरच्या पोटात बसून ते कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्रॅममध्ये भोक सापडले. कंटेनरच्या आत रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून चालणारा घातकी कोड बाहेरच्या मशीनवरचा रनसीच बदलू शकत होता. एका वेबसाइटमधून शिरलेला चोर अख्ख्या मशीनचा धनी! मात्र बाहेरचा रूट ज्या कंटेनरांत उतरवलेलाच नव्हता, तिथे ही चाल फसली.

यातून आमच्या आयटीवाल्यांनी काय घेतले? काडीचेही नाही! आजही चार पानांची वेबसाइट चढवायची तर बिनदिक्कत रूटने चढवतात. कालपरवा रुजू झालेल्या पोराला ‘डॉकर’ ग्रुपमध्ये टाकतात, आणि त्या ग्रुपात बसणे म्हणजे रूट होणेच, हे डॉकरच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलेले असूनही कोणी वाचत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘चालतंय ना?’ चालतेच हो! चोराचेही त्याच्यावरच चालते.

सर्वाधिकार वाटण्याची किंमत हैदराबादला नवी नाही. जानेवारी २०२२ मध्ये महेश बँकेतून सुमारे साडेबारा कोटी रुपये गेले. शिरकाव फसव्या ई-मेलमधून झाला. पण बँकेत सुपर यूजर गरजेपेक्षा जास्त होते, असे पोलिसांनीच सांगितले. पुढे रिझर्व्ह बँकेने ६५ लाखांचा दंड केला. तिथे कंटेनरचा संबंध नव्हता, रोग मात्र हाच.

कंटेनर रूटविना न चालवण्याच्या सबबी आम्हाला पाठ आहेत. पहिली, पोर्ट ८०. १०२४च्या खालची पोर्टे रूटचीच, हा युनिक्सचा जुना दंडक. अरे, मग एनजिनएक्स हा वेबसर्व्हर ८०८० वर ऐकू द्या आणि ८० वरची वर्दळ फायरवॉलने तिकडे वळवा. नाहीतर लिनक्सच्या कर्नलची (गाभ्याची) एक सेटिंग बदलून ती मर्यादाच ८० वर आणा. दुसरी सबब, ‘लॉगआउट केले की साइट बंद पडते.’ साइट चालवणाऱ्या साध्या यूजरला ‘लिंगर’ चालू करा, एका ओळीचे काम. तिसरी तक्रार मात्र खरी आहे: लॉगमध्ये सगळे पाहुणे एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. त्यालाही डॉकरला पर्याय असलेल्या पॉडमनमध्ये आता ‘पास्ता’ नावाचा मार्ग आहे.

आणि मिळते काय, तेही पाहा. ‘सबयूआयडी’ फाइलमध्ये एका साध्या यूजरला १००००० पासून ६५५३६ क्रमांक दिलेले असतात. कंटेनरच्या आतला शून्य क्रमांकाचा रूट बाहेर तोच साधा यूजर. आतले बाकीचे सगळे त्या लाखाच्या पुढचे कोणीतरी. भिंत फोडून चोर बाहेर आला तरी त्याच्या हाती एका यूजरच्या फायलींपलीकडे सहसा काही लागत नाही. वेबसाइटचा स्वतःचा डेटा याने सुरक्षित होत नाही, आणि कर्नलमध्येच भोक असेल तर हीही भिंत पडते, हे कबूल. पण म्हणून भिंतच नको म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

लिनक्समध्ये आतला रूट बाहेर साधा यूजर करण्याची ही सोय २०१३ पासून आहे. पॉडमनला पडद्यामागे सतत रूटने चालणारा प्रोग्रॅम (डीमन) लागतच नाही. डॉकरचाही रूटविरहित प्रकार डिसेंबर २०२० मध्ये प्रयोगावस्थेतून बाहेर पडला. साधने नाहीत ही ओरड आता खपायची नाही.

तेलंगणाची विधानसभा नामपल्लीतच आहे. तिथून निघणाऱ्या आणि मुंबईत मंत्रालयातून सुटणाऱ्या प्रत्येक वेबसाइटच्या निविदेत एक कलम घाला: कंटेनर रूटविना चालेल, नाहीतर बिल निघणार नाही. ज्याला रूट हवेच असेल त्याने लेखी अर्ज करावा, त्यावर स्वतःचे नाव, कारण आणि परवानगी संपण्याची तारीख घालावी, आणि मंजुरीची सही कंत्राटदाराची नव्हे, खातेप्रमुखाची असावी.