तीस हजार शब्द आणि एक गिरणी

परकी भाषा शिकावयाची म्हणजे प्रथम व्याकरण पाठ करावयाचे, मग शब्दांच्या याद्या घोकावयाच्या आणि बोलावयाचे ते सर्वांत शेवटी, असा क्रम पुष्कळ वर्गांत रूढ आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. असे मी का म्हणतो, ते एका फ्रेंच शिक्षकाच्या हकिकतीवरून तुमच्या ध्यानात येईल.

फ्रान्स्वा ग्वँ हे लॅटिन शिकवीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन भाषा शिकण्यासाठी ते हांबुर्ग शहरी जाऊन राहिले. लॅटिन ज्या रीतीने शिकवीत, त्याच रीतीने त्यांनी जर्मनचा अभ्यास आरंभिला. व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे त्यांनी दहा दिवसांत मुखोद्गत केली व मोठ्या उमेदीने ते एक व्याख्यान ऐकावयास गेले. एक शब्दही समजला नाही! पुढे त्यांनी शब्दकोशच हाती घेतला आणि महिनाभरात ३०,००० शब्द पाठ केले. केवढी ही चिकाटी! तरीही लोकांचे बोलणे त्यांना कळेना. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांनी चार शब्द बोलून पाहिले होते. पण लोक हसले आणि ते ओशाळून पुन्हा पुस्तकांकडे वळले.

निराश होऊन ते मायदेशी परतले. पाहतात तो त्यांचा तीन वर्षांचा भाचा दरम्यानच्या काळात घडाघडा बोलू लागलेला! एके दिवशी त्या बाळाने पिठाची गिरणी पाहिली. घरी येताच त्याने तिचा खेळ मांडला आणि धान्य कसे ओतले, मग काय झाले, त्यानंतर काय झाले, हे तो क्रमाने बोलू लागला. मूल सुटे शब्द गोळा करीत नाही, घडलेली गोष्ट करीत करीत बोलते, हे ग्वँ यांनी तेथे हेरले. त्यावरून त्यांनी शिकवण्याची नवी रीत बसवली आणि १८८० मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मी माठाजवळ जातो, झाकण काढतो, पेला भरतो, पाणी पितो, अशी एकामागून एक येणारी वाक्ये कृती करीत म्हणावयाची, ही ती रीत.

ती सर्वस्वी पुरी पडते असे मात्र नाही. पाणी पिण्याचा अभिनय करता येतो. न्यायाचा किंवा विश्वासाचा कसा करावा? शिवाय मोठ्या मुलास नियम कळला, तर शंभर वाक्यांचे श्रम वाचतात. तेव्हा व्याकरण हवेच. पण जी वाक्ये जिभेवर रुळली आहेत, त्यांचे व्याकरण आधी शिकवावे.

यावर कोणी म्हणेल, ‘त्या बाळाला सारा दिवस मोकळा होता, आमचा तास पस्तीस मिनिटांचा आणि वर्गात मुले पन्नास.’ आक्षेप रास्त आहे. हिशेबच करा ना! एकेकाने उभे राहून बोलावयाचे ठरवले आणि गुरुजी स्वतः अवाक्षरही बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अवघे बेचाळीस सेकंद येतात. पण तीच मुले जोडीजोडीने एकमेकांशी बोलू लागली, तर प्रत्येकास सतरा मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. गुरुजींना प्रत्येक चूक ऐकू येणार नाही, हे खरे. ती हानी मी खुशाल पत्करीन. लाजाळू मुलाला एका सोबत्यापुढे चुकणे सोपे जाते. साऱ्या वर्गाच्या हशात त्याची गत हांबुर्गच्या त्या दुकानातल्या ग्वँ यांच्यासारखी होते, आणि पुन्हा तोंड उघडण्याचा धीर त्याला होत नाही.

पंचवीस जोड्या एकदम बोलू लागल्या की गलका होणारच, आणि शेजारच्या वर्गातून तक्रारही येणार. म्हणून हवा बरी असेल त्या दिवशी हा तास अंगणातल्या झाडाखाली घ्यावा.