बापूंवर बोली कोण लावणार?

क्रिकेट बदललं म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी मी नाही. ते पहिल्यापासून बदलतच आलं आहे. १९३९ मध्ये डर्बनला मुदत नसलेली कसोटी लावली. दहा दिवस झाले तरी निकाल लागेना. शेवटी इंग्लंडच्या मंडळींची आगबोट सुटायची वेळ झाली म्हणून सगळे उठले! आमच्याकडे देण्याघेण्याची बोलणीसुद्धा इतकी लांबत नाहीत. १९७१ मध्ये मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली, म्हणून लोकांच्या समाधानाला एक दिवसाचा सामना ठेवला, तर तो पाहुणा घरजावई होऊन बसला. २००३ मध्ये इंग्लंडात वीस षटकांचं पोर जन्मलं. गोड होतं. माझं भांडण पोराशी नाही. २००८ मध्ये आयपीएल आली आणि हळूहळू घराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला गेल्या, त्याच्याशी आहे.

आमचा पुतण्या म्हणतो, "काका, वीस षटकांत सगळं क्रिकेट येतं."

येतं ना? मग बापू नाडकर्णींना त्यात बसवून दाखव! जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. बापूंनी ओळीनं २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावात एकूण ३२ षटकं, निर्धाव २७, धावा ५, बळी शून्य.

"अशा माणसाला मालक कोट्यवधी मोजतील," पुतण्या म्हणाला. मोजतील की! २०२३ च्या लिलावात मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख मोजलेच होते. पण चार षटकं झाली, की बापूंच्या हातातून चेंडू काढून घेणार आणि म्हणणार, "तुमचा कोटा संपला, आता लाँग ऑनला उभे राहा." उरलेली सतरा निर्धाव षटकं बापूंच्या खांद्यातच राहणार. तानपुरे जुळताहेत तोच बैठक उठवायची आणि वर गवयाला सांगायचं, "बिदागी दुप्पट घ्या, बुवा!"

गंमत एवढ्यावर थांबती, तर मीही शेंगा सोलत बघत बसलो असतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला कसोटी खेळायला गेला, तेव्हा त्यांचे बहुतेक नामवंत गडी मायदेशातल्या फ्रँचायझी लीगला बांधलेले. कर्णधार नील ब्रँड. त्याची स्वतःचीच ती पहिली कसोटी! नवरामुलगा दुसऱ्याच्या वरातीत नाचायला गेला, म्हणून वऱ्हाडातल्या कुणालाही बोहल्यावर चढवावं, तसं. दोन्ही कसोट्या हरले. न्यूझीलंडनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकलेली ही पहिलीवहिली कसोटी मालिका. असा विजय गोड तरी लागतो का?

तोच देश जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचा जगज्जेता झाला. मांडीचा स्नायू दुखावलेला टेंबा बवुमा लंगडत धावा काढत होता. त्या लंगडण्यावर बोली लावणारा मालक अजून जन्माला यायचाय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एप्रिल-मेमध्ये आयपीएलला वाट द्यायला जगातलं बहुतेक आंतरराष्ट्रीय क्रिकेट बाजूला सरून उभं राहतं. तशीच दोन महिने कसोटीला वाट द्या. तेवढ्यात जगात कुठंही लीग नको. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढी मिळकत असलेल्या घरात म्हाताऱ्याला दोन महिने एक खोली मिळू नये?

पुतण्या विचारतो, "पाच पाच दिवस बसून बघणार कोण?"

आम्ही बघू रे. आमच्या बसण्याला चार षटकांचा कोटा नाही.